साडभाऊची जोंगा

माझ्या साडभाऊला, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वांगी, मिरची, टोमॅटो यांतलं त्याला सगळं कळतं. देऊळघाटला त्याचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि पानामागे दडलेली कीड तो चालता चालता ओळखतो. पण पान्हा कुठल्या बाजूला फिरवला की नट सुटतो, हे त्याला आजही दोनदा फिरवून बघावं लागतं. अशा माणसाच्या दारात जोंगा उभी आहे. माझ्या दारात नाही.

जोंगा म्हणजे फौजेची जुनी, दणकट, मोठ्या अंगाची जीप. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, डोंगर बघितला तरी आवाज न बदलणारं. फौजेने सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात निघतात. मग त्या कुणाच्या शेतावर राबतात, कुणी त्यांना लाकडं ओढायला जुंपतं, आणि शेवटी कुठेतरी बाभळीखाली गंजत पडतात. अशा गाड्या हुडकायच्या, पार सांगाड्यापर्यंत उघडायच्या आणि होत्या तशा पुन्हा उभ्या करायच्या, हा माझा छंद. मेहकरला माझं पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानामागच्या शेडमध्ये सात वर्षं खपून मी एक फौजी जीप उभी केली. तिचा एकेक बोल्ट मी रॉकेलमध्ये धुतलेला आहे. बायको म्हणायची, "पोरीच्या लग्नाचं इतकं केलं असतं तर जवाई अमेरिकेतला भेटला असता." मी हसायचो. हसणं परवडत होतं, कारण तेव्हा आसपासच्या चार तालुक्यांत तशी गाडी माझ्या एकट्याकडे होती.

आणि त्या गाडीत मामाजी बसत होते.

मामाजी म्हणजे आमचे सासरे. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. वीस वर्षं बर्फात नि वाळवंटात बंद पडलेल्या गाड्या चालू करून ते लोणारजवळच्या आपल्या गावी परतले आणि शेती करू लागले. बोलणं मोजकं. कौतुक तर त्याहून मोजकं. त्यांच्या गावात दसऱ्याच्या संध्याकाळी सगळा गाव वाजतगाजत शिवेपलीकडच्या मारुतीपर्यंत सीमोल्लंघनाला जातो, तिथून आपट्याचं सोनं घेऊन परततो. जीप तयार झाली त्या वर्षापासून मामाजी या मिरवणुकीत माझ्या शेजारच्या सीटवर बसून निघू लागले. डोक्यावर फौजेची टोपी, छातीवर पदकं, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये. पहिल्या वर्षी उतरताना त्यांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "इंजिन बोलते बरं." बस, एवढंच. पण त्या तीन शब्दांवर मी वर्षभर जगलो. सहा दसरे ती सीट माझ्या शेजारी भरलेली होती. थोरला जावई म्हणून मला जे मानपान मिळाले असतील ते असोत, मला हवी होती ती माझ्या शेजारची भरलेली सीट.

मग जोंगा आली.

ती कशी आली हे सांगताना आजही माझं रक्त उकळतं. चिखलीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात ती जोंगा मीच पहिल्यांदा पाहिली होती. तिच्या मागच्या भागात कोंबड्या अंडी घालत. चार वर्षं मी त्या मालकाकडे जात होतो. चहा प्यायचा, पावसाच्या गोष्टी करायच्या आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारायचं. तो म्हणायचा, "नाई हो, वडलायची आठवन आहे." मी समजून घ्यायचो. आणि एक दिवस साडभाऊ त्याच्याकडे मिरचीची रोपं पोचवायला गेला. जोंगा बघितली. म्हणाला, "आमच्या मामाजीनं अशीच गाडी चालवली फौजेत." मालकाने मामाजींची चौकशी केली, दोघांनी भाकरी खाल्ली, आणि आठवड्याने गाडी देऊळघाटला. कोंबड्यांसकट नाही, एवढंच.

त्याने मला फोन केला तेव्हा आनंदाने त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "भाऊ, मामाजीची गाडी भेटली! आता तुमीच सांगा, सुरुवात कुठून करू?"

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. म्हणालो, "बढिया झालं." आणि मग, लाज वाटते पण सांगतो, मी त्याला पहिलाच सल्ला दिला की पेट्रोल इंजिन काढून टाक नि ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसव. आपल्याकडे किती जोंगा या एका सल्ल्यापायी मेल्या आहेत. डिझेल बसवलं की गाडी धावते, पण ती जोंगा राहत नाही. खडखडणारा टेम्पो होतो. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर मी ते सांगितलं.

त्याने मुकाट्याने ऐकलंही असतं. पण त्याने मामाजींना विचारलं. मामाजी म्हणाले, "मानसाचं काळीज काढून बैलाचं बसवता का, जवाईबापू?" झालं. तेव्हापासून मामाजी महिन्यातून दोनदा एस.टी.ने देऊळघाटला जाऊ लागले. माझ्या शेडमध्ये सात वर्षांत ते मोजून तीन वेळा आले होते. का, तर मी त्यांना कधी काही विचारलंच नाही. मला सगळं येत होतं. साडभाऊला काहीच येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक नट त्यांना विचारून सोडायचा. मळ्यातल्या विहिरीजवळ खाट टाकून मामाजी बसत आणि साडभाऊ गाडीखालून ओरडून विचारे, "मामाजी, हे काय निघालं हातात?" आणि मामाजी हसत. हसत! माझी मेहुणी हे सगळं बायकोला फोनवर सांगायची, बायको मला जेवताना सांगायची, आणि मी भाकरी नुसती मोडत राहायचो.

"तुमी काऊन जळून राह्यले?" बायको म्हणायची. "घरातच गाडी आली ना?"

"जळतो कोण?" मी म्हणायचो आणि ताटावरून उठायचो.

दोन वर्षांत जोंगा उभी राहिली. रंगाच्या वेळी मला थोडं समाधान मिळालं होतं. फौजेचा तो हिरवा रंग आपल्याला रस्त्यावर लावता येत नाही, कायद्याने बंदी आहे. माझी जीपही म्हणूनच राखाडी आहे. मला वाटलं, आता हा काहीतरी भडक फासणार. पण मामाजींनी त्याला मातीचा रंग निवडून दिला, नांगरल्यावर दोन दिवसांनी सुकलेल्या ढेकळाचा असतो तसा. त्या रंगात ती गाडी अशी काही दिसत होती की मी तिच्याकडे सरळ बघूच शकलो नाही. टायर बघत राहिलो.

तो अष्टमीचा दिवस. दसऱ्याला दोनच दिवस राहिले होते आणि साडभाऊने मला मुद्दाम बोलावलं होतं. "भाऊ, एकदा तुमच्या नजरेखालून गेली म्हंजे मले चिंता नाई. यंदा मामाजीले जोंगात बसवून सीमोल्लंघन करतो."

त्याला ठाऊकही नव्हतं की त्याने माझ्या काळजावर पाय ठेवला.

मी बॉनेट उघडलं. खोट काढायची म्हणूनच उघडलं. वायरिंगचं काम त्याने शेवटच्या आठवड्यात एका वायरिंगवाल्याकडून करून घेतलं होतं. मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, बारीक काम त्यांना दिसत नव्हतं. वायरी सुरेख ओढल्या होत्या, क्लिपा बसवल्या होत्या. आणि मग माझी नजर कॉईलवर गेली. प्लगला ठिणगी पुरवणारी ती डबी. तिच्यावर लिहिलं होतं, बारा व्होल्ट.

आपल्या साध्या गाड्या बारा व्होल्टवर चालतात. फौजेच्या चोवीसवर. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. बाजारात सहज मिळणारी बारा व्होल्टची कॉईल जोंगाला जोडली, तर गाडी झटक्यात सुरू होते, सुरेख चालते, मालक खूश होतो. मग कॉईल तापायला लागते. मळ्याभोवती चार फेऱ्या मारल्या तर काही कळत नाही. पण लांबच्या रस्त्याला लागलं की अर्धा तास, फार तर पाऊण तास. त्यानंतर गाडी जागेवर बसते. साध्या गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडून ही चूक हमखास होते. पहिल्या वर्षी माझ्याकडूनही झाली होती.

साडभाऊ शेजारी उभा होता. हातात माझ्यासाठी चहा. "कसं काय, भाऊ?"

मी बॉनेट खाली घेतलं. म्हणालो, "एकदम मस्त. काहीच पाहायची गरज नाही."

त्याने माझ्या पायांना हात लावला. परत निघताना मेहुणीने पिशवीभर कोवळी वांगी दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी आम्ही दुकानात हत्यारांची पूजा करतो. पान्हे, हातोडे, स्क्रू ड्रायव्हर धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्यांच्या शेजारी, का कोण जाणे, मी माझ्याकडची जादा कॉईलही मांडली. चोवीस व्होल्टची, नवीकोरी. माझ्या जीपसाठी आणून ठेवलेली. तिला कुंकू लावलं आणि हात जोडले. फोन खिशातच होता. एक फोन केला असता आणि कॉईल एस.टी.ने बुलढाण्याला धाडली असती, तर तिथे वांग्यांच्या टोपल्या उतरवायला येणाऱ्या कुणाच्याही हाती ती देऊळघाटला पोचली असती. मी दिवसभर तो फोन करणार होतो. जेवणानंतर करू म्हटलं, मग चहानंतर करू म्हटलं. आणि प्रत्येक वेळी मला ती पुढची सीट दिसायची आणि तिच्यावर बसलेले मामाजी, शेजारी तो नट उलटा फिरवणारा माणूस.

मनातला हिशेब असा होता. जोंगा चिखलीच्या पुढेमागे बंद पडेल. तो मला फोन करेल. मी म्हणेन, तू येत बस सावकाश, मी गावातून मामाजींना घेतो. संध्याकाळी मामाजी नेहमीसारखे माझ्या जीपमध्ये. दसरा आटोपला की मी देऊळघाटला जाऊन कॉईल बदलून देईन, वर चार गोष्टी समजावून सांगेन. कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं. फक्त एक सीट माझ्याकडे राहणार होती.

दसऱ्याच्या सकाळी मी जीप धुतली, हार घातला, नारळ फोडला. साडेदहाला फोन वाजला.

"भाऊ, गाडी बसली. चिखली सोडून पंधराएक किलोमीटर आलो असन. काय झालं समजून नाई राह्यलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामाजी आहेत ना संगं. काल रात्रीच आले देऊळघाटले. म्हने, निघतानीच बसतो, पुरा रस्ता बसतो. उन्हात बसले बिचारे."

मी जीप किती जोरात काढली हे मेहकरच्या अर्ध्या बाजाराने बघितलं असेल. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात घुसत होतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या, मळणीयंत्रांची धूळ रस्त्यावर येत होती. मला एवढंच दिसत होतं, ऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या कपड्यांत, त्या धुळीत. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही.

रस्त्याकडेला मातीच्या रंगाची जोंगा उभी होती, झेंडूच्या माळांनी मढलेली. मामाजी एका टोमॅटोच्या क्रेटवर बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते. टोपी, पदकं, सगळं जागच्या जागी. साडभाऊ समोरच्या शेतात बोअरचं पाणी आणायला गेला होता. ते ठीक आहेत हे बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला, इतका की मी सावध राहायचंच विसरलो. शेजारच्या सीटवरची फडक्यात गुंडाळलेली कॉईल उचलली, एक पान्हा घेतला, तडक जोंगापाशी गेलो, बॉनेट उघडलं आणि कॉईल सोडवायला लागलो.

दोन नट सुटले तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

"जवाईबापू."

मी वळलो. मामाजी माझ्या हाताकडे बघत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात दिसत होता त्यांना.

"पेट्रोल पाह्यलं नाई तुमी. प्लग काढला नाई. एकदा किल्ली फिरवून सेल मारून पाह्यला नाई." त्यांनी माझ्या जीपकडे काठी केली. "पान्ह्यायची पेटी तिकडंच राह्यली. हातात येकच पान्हा, अन् बरोब्बर पाह्यजे तीच वस्तू."

"अंदाज होता, मामाजी."

"कवापासून?"

मी वळून पान्हा नटाला लावला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जळक्या कॉईलवर बोट ठेवलं, चटका बसला तसं काढून घेतलं, आणि परत जाऊन क्रेटवर बसले. तेवढ्यात साडभाऊ पाण्याची बाटली घेऊन पळत आला. माझ्या हातात नवी कॉईल बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्या कानाखाली दोन माराव्याशा वाटल्या. कशासाठी ते सांगता येणार नाही.

"पाह्यलं मामाजी? भाऊ आले अन् काम झालं!"

"हाव," मामाजी म्हणाले. "झालं."

साडभाऊला बारा-चोवीसचा फरक सांगत सांगत मी कॉईल बसवली, ठिणगीचे पॉइंट घासून साफ केले, आणि जोंगा एका सेलमध्ये सुरू झाली. मामाजी साडभाऊच्या शेजारी बसले आणि मी मागून जीप हाकत गेलो. पुढच्या गाडीतली त्यांची टोपी मला लोणारपर्यंत दिसत होती. ते एकदाही मागे वळले नाहीत. मला वाटलं, गावी पोचल्यावर ते सगळ्यांसमोर बोलतील. आदल्या दिवशीच माहेरी आलेल्या बायकोसमोर, मेहुणीसमोर. मी जेवताना प्रत्येक घासाला तयार होतो. त्यांनी श्रीखंड मागून घेतलं, नातवांना वाढलं, माझ्याशी नेहमीइतकंच बोलले.

संध्याकाळी डफडी वाजायला लागली. पोरांनी जोंगाला गराडा घातला होता. मामाजी पुढच्या सीटवर चढून बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली. मी जीपकडे निघालो, तेवढ्यात साडभाऊने माझा हात धरला आणि तळहातावर जोंगाची किल्ली ठेवली.

"भाऊ, गाडी तुमीच चालवा. तुमी नसते तं ती अजून रस्त्यातच असती. मामाजी तुमच्या बाजूलेच शोभतात. मले माहीत आहे ना, तुमाले बी तसंच वाटते."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण सगळे बघत होते, बायको हसत होती, आणि खरं सांगायचं तर किल्ली हातात आल्यावर माझी मूठ आपोआप मिटली. मी चढलो, स्टिअरिंगवर हात ठेवला. चार वर्षं ज्या गाडीसाठी चहा पीत राहिलो ती माझ्या हाताखाली थरथरत होती. शेजारी मामाजी होते.

त्यांनी काठी उचलली. सावकाश खाली उतरले, गाडीला वळसा घातला आणि मागच्या बाकावर पोरांच्या दाटीत जाऊन बसले.

"काऊन मामाजी?" साडभाऊ ओरडला.

"मांगं हवा लागते," मामाजी म्हणाले. "बसा तुमी पुढं."

म्हणून तो माझ्या शेजारी बसला. मिरवणूक निघाली. जोंगा पहिल्या गिअरमध्ये अशी निघाली की क्लचवरचा पाय उचलल्याचंही कळू नये. आणि मी कबूल करतो, तेव्हाही, मागे मामाजी तसे बसलेले असतानाही, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही गाडी माझी असायला हवी होती.

"भाऊ," साडभाऊ डफड्यांच्या वर आवाज चढवून म्हणाला, "मले तं बारा-चोवीस काईच समजत नाई. आता दरसाली दसऱ्याच्या आधी तुमीच येऊन पाहून देत जा. तुमी पाह्यलं म्हंजे मले चिंता नाई राहत."

मी आरशात बघितलं. मामाजी माझ्याकडेच बघत होते, मी काय उत्तर देतो ते ऐकायला.

"हाव," मी म्हणालो. "पाहून देत जाईन."